एस्पेबाईंचा रविवार : आयडाहोतले पाच दिवस

बुधवार, बॉइसी

माझे चुलते, ज्यांना आम्ही सगळे तात्या म्हणतो, विशीच्या आत होते तेव्हाची गोष्ट. मेंढरं घेऊन ते कोकणात महाडच्या अंगाला उतरले होते आणि इकडे म्हसवडजवळच्या वाडीत माझी आजी वारली. निरोप घेऊन माणूस लगेच निघाला. पण वाडा, म्हणजे मेंढरांचा फिरता तळ, कुठल्या शिवारात बसलाय हे त्याला कोण सांगणार? गावोगाव विचारत तो तात्यांपर्यंत पोचला तो अकराव्या दिवशी. आईचा दहावा आदल्या दिवशीच होऊन गेला होता. तात्या आज चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. त्या अकरा दिवसांत आपण काय काय केलं, कुठल्या ओढ्याला मेंढरं पाजली, कुणाच्या वावरात बसवली, हे ते अजून दिवसवार सांगतात. त्या दिवसांत आपण हसलो होतो, याचं त्यांना आजही वाईट वाटतं.

माझी भाची पल्लवी अमेरिकेत, बॉइसीला, मेमरी चिपच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. तिने गेल्या वर्षी फोनवर सांगितलं, "मामा, इथे एस्पे अलेग्रिया नावाच्या एक बाई होत्या. रानातल्या मेंढपाळांना रेडिओवरून घरचे निरोप द्यायच्या. वीस-पंचवीस वर्षं." मी तेव्हाच ठरवलं की एकदा जाऊन यायचं. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झालीत, सौभाग्यवतींचे गुडघे अजून साथ देतात, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात तिकडे मेंढ्या डोंगरावरून खाली उतरतात. त्या सुमाराला गेलो.

आज पोचलो, जेवलो आणि झोपलो. एवढंच.

गुरुवार, बॉइसी

बॉइसी हे आयडाहो राज्याच्या राजधानीचं गाव. गावाच्या मधोमध ग्रोव्ह स्ट्रीटचा एक तुकडा आहे, त्याला 'बास्क ब्लॉक' म्हणतात. दहा मिनिटांत चालून संपेल एवढाच. पण खाली बघत चाललं की तास लागतो, कारण फरसबंदीतच बास्क घराण्यांची आडनावं कोरलेली आहेत. उच्चार करताना जीभ अडखळते अशी लांबलचक नावं. बास्क आडनावं बहुतेक घरावरून पडलेली असतात: ओढ्याकाठचं घर, ओकच्या रानातलं घर, वरचं घर. आपल्याकडे गावावरून 'कर' लागतं तसं.

बास्क लोक मूळचे स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवरच्या डोंगराळ मुलखातले. त्यांची भाषा एउस्कारा जगातल्या कुठल्याही भाषेची बहीण नाही की मावशी नाही, एकटीच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही माणसं अमेरिकेच्या पश्चिमेत यायला लागली. आयडाहोत आलेली बहुतेक बिस्काया प्रांतातली. शेतकरी आणि कोळ्यांची पोरं. मला वाटायचं हे परंपरेने मेंढपाळ असतील. तसं अजिबात नव्हतं. घरी चार-सहा मेंढ्या पाहिलेल्या पोरांच्या हातात इथे हजारभर मेंढ्या, एक-दोन कुत्री आणि न संपणारा डोंगर दिला गेला. इंग्रजी येत नसलेल्या माणसाला मिळणारं काम तेच होतं, कारण मेंढ्यांशी कुठल्याही भाषेत बोललं तरी चालतं.

संग्रहालयाला लागून एक जुनं विटांचं घर आहे, जेकब्स-उबेरुआगा हाउस. १८६४ साली बांधलेलं. गावातलं आज उभं असलेलं विटांचं सर्वांत जुनं घर. १९१० पासून १९६९ पर्यंत ते बास्क लोकांचं बोर्डिंग हाउस होतं. मेंढपाळ हिवाळ्यात काम नसलं की इथे येऊन राहायचा, त्याची पत्रं इथल्या पत्त्यावर यायची, त्याचा कोट आणि शहरी बूट इथे पेटीत असायचे. आजारी पडला तर इथेच. अनेकांची लग्नंही इथेच जमली, कारण स्वयंपाकाला आणि धुण्याला मायदेशातून आलेल्या मुली असायच्या. त्या मुलींचा दिवस पहाटे सुरू होऊन रात्री उशिरा संपायचा. सौ. त्या स्वयंपाकघरात बराच वेळ उभी होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "एवढ्या बाप्यांच्या भाकरी! पुतळे मात्र सगळे मेंढपाळांचेच करत असतील."

घराबाहेर एक ओक आहे. बास्क लोकांच्या गेर्निका गावातल्या पवित्र ओकच्या वंशातला. त्या झाडाखाली त्यांच्या पंचसभा भरायच्या. १९३७ च्या एप्रिलमध्ये गेर्निकावर बॉम्ब पडले, गाव जळालं, ते झाड वाचलं. इथे त्याची पानं पिवळी पडायला लागली होती. मी एक उचलून वहीत ठेवलं.

संग्रहालयात एस्पे अलेग्रियांबद्दल विचारलं तेव्हा तिथल्या बाईंचा चेहराच बदलला. आपल्या घरातल्या माणसाबद्दल कुणी परक्याने आपुलकीने विचारलं की होतो तसा. त्यांनी जे सांगितलं ते असं.

१९५० च्या दशकात बॉइसीच्या रेडिओ केंद्रावर बास्क भाषेतला कार्यक्रम सुरू झाला. आठवड्यातून एकदा, रविवारी संध्याकाळी, अर्धा तास. पुढे पंचवीसहून अधिक वर्षं त्या अर्ध्या तासाचा आवाज एस्पेबाईंचा होता. बास्क गाणी लावायच्या, बास्क मुलखातल्या बातम्या द्यायच्या, फुटबॉलचे निकाल सांगायच्या. आणि मुख्य म्हणजे नावं घ्यायच्या. अमक्याचा वाढदिवस आहे. तमक्याच्या बहिणीला मुलगा झाला. कुणाचं तरी घरचं माणूस गेलं. कुणाची डॉक्टरकडची वेळ ठरली आहे, त्याने खाली यावं. आठवडाभर त्या याचीच जमवाजमव करायच्या आणि त्यातून पैसे मिळवायचे हा विचारच नव्हता. कार्यक्रमाबाहेरही मेंढपाळांना डॉक्टरकडे नेणं, दुभाषी म्हणून बसणं, परवान्यांचे कागद भरून देणं चालूच असायचं.

हे ऐकणारे कोण होते, तेही समजून घ्यायला हवं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मेंढपाळ मिळेनात. मग १९५० च्या सुमाराला खास कायदे करून स्पेनमधून बास्क तरुण कराराने आणायला लागले. तीन वर्षांचा करार. वीस-बावीस वर्षांची पोरं विमानातून उतरून आठवड्याभरात डोंगरावर. आठ-दहा दिवसांनी रसद घेऊन येणारा माणूस सोडला तर माणसाचं तोंड दिसायचं नाही. एकटेपणाने डोकं फिरलेल्या मेंढपाळासाठी तिकडे वेगळा शब्दच होता, 'सेजब्रश्ड'. सेजब्रश म्हणजे त्या माळावर मैलोन् मैल पसरलेलं करडं, उग्र वासाचं झुडूप. ते झुडूपच माणसाच्या डोक्यात शिरलं, असा अर्थ. एखाद्या दुखण्याला लोकांनी नाव पाडलं की समजावं, ते बऱ्याच जणांना झालेलं आहे.

शुक्रवार, बॉइसी

दुपारी बास्क ब्लॉकच्या कोपऱ्यावरच्या 'बार गेर्निका'त जेवलो. आम्ही दोघं माळकरी नाही, पण सौ. मांस खात नाही, तिच्यासाठी टॉर्टिया, म्हणजे बटाट्याचं जाड ऑम्लेट. मी मेंढीच्या मांसाचा सँडविच खाल्ला. छान होता, तिखट हवा होता.

शेजारच्या टेबलावर एक आजोबा एकटेच बसले होते. पल्लवीने बोलणं काढलं. ते १९६८ साली एकोणिसाव्या वर्षी आलेले मेंढपाळ निघाले. नाव लिहू नका म्हणाले, म्हणून लिहीत नाही. मी मेंढपाळाचा नातू आहे हे कळल्यावर त्यांनी आधी माझे हात पाहिले. मग विचारलं, तुमच्याकडे मेंढ्या रात्री कशात कोंडतात? मी वाघर समजावून सांगितली, दोऱ्याची जाळी आणि खुंट्या. ते म्हणाले, आमच्याकडे काहीच नसायचं. मेंढ्या उघड्यावर बसायच्या, भोवती कुत्री आणि मी. कोल्ह्यासारखा कायोटी आणि अस्वल यांच्यासाठी बंदूक.

मग मी एस्पेबाईंचं नाव काढलं.

ते जे बोलले ते पल्लवीने मला तुकड्यातुकड्याने मराठीत सांगितलं. "आठवडाभर रेडिओ लावायचा नाही, सेल जपायचे. रविवारी संध्याकाळी मेंढ्या बसल्या की उंच टेकाडावर जायचं. खाली दरीत खरखर यायची, वर स्वच्छ ऐकू यायचं. पहिल्याच उन्हाळ्यात एका रविवारी बाईंनी माझं नाव घेतलं. आईच्या गावाचं नाव घेतलं. माझा वाढदिवस होता. मी इथे कुणालाच सांगितलं नव्हतं. आईनेच पत्र घालून कळवलं असणार. त्या आठवड्यात माझं नाव दुसऱ्या कुणीच उच्चारलं नव्हतं."

मी विचारलं, "मग तुम्ही काय केलंत?"

"कुत्र्याला सांगितलं."

एवढं बोलून ते कॉफीकडे बघत बसले. आम्ही तिघंही काही बोललो नाही. त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी मेजावर हळूहळू गोल फिरत होती, जुन्या रेडिओचं बटण फिरवावं तशी. त्यांना ते कळत नसावं.

मी शाळेत विज्ञानही शिकवलंय, म्हणून एक गोष्ट लिहून ठेवतो. मीडियम वेव्हच्या लहरी दिवसा जमिनीलगत जातात आणि लांब पोचत नाहीत. सूर्य मावळला की वातावरणाचा वरचा थर त्यांना आरशासारखा परतवतो आणि त्या शेकडो मैलांवर उतरतात. अंधार पडता पडता बोलणाऱ्या बाईंचा आवाज सर्वांत लांबच्या माणसापर्यंत जाणं हे असं आकाशाच्या मदतीनेही होत होतं. आमच्या लहानपणी सांगली आकाशवाणी रात्री कुठल्या कुठे लागायची ते आठवलं.

संध्याकाळी बास्क सेंटरवरून चालत गेलो. आतून अ‍ॅकॉर्डियनचा आवाज येत होता, आपल्या पेटीच्या भावकीतला. इथे अ‍ॅकॉर्डियन म्हटलं की लोक जिमी हाउसोरोंचं नाव घेतात. १९२० साली जवळच्या नॅम्पा गावात जन्म, आईवडील बिस्कायाचे, घरचंच बोर्डिंग हाउस. मेंढपाळांच्या तोंडून ऐकलेल्या चाली त्यांनी जन्मभर वाजवल्या. १९६० मध्ये 'ओइंकारी' हा नृत्यसंघ सुरू झाल्यापासून दशकानुदशके पोरं त्यांच्या सुरावर नाचली. १९८५ मध्ये त्यांना लोककलेचा राष्ट्रीय सन्मान मिळाला, २००४ मध्ये ते गेले. त्यांच्यावर वेगळं लिहायला हवं, इथे घाईत उरकणं बरं नाही.

शनिवार, हेली

सकाळी निघालो. माउंटन होमपर्यंत मोठा रस्ता, तिथून डावीकडे वळून डोंगर चढला की कॅमास प्रेअरीचं लांबरुंद पठार, मग फेअरफिल्ड, मग उत्तरेला वुड नदीचं खोरं. अडीच-तीन तास. सेजब्रश जवळून पाहायचा म्हणून गाडी थांबवली. पान चुरगाळून वास घेतला. ओव्यासारखा, पण कडू. तो वास दिवसभर बोटांना राहिला.

हेलीच्या बागेत मेंढपाळांची जत्रा भरली होती. हा 'ट्रेलिंग ऑफ द शीप' नावाचा उत्सव १९९७ पासून दर ऑक्टोबरला होतो. लोकर कातरणं, कातणं, विणणं, कुत्र्यांची कसरत, मटणाचे स्टॉल. 'ओइंकारी'ची मुलंमुली पांढरे कपडे आणि लाल रंगाची टोपी-कमरबंद घालून नाचली. पाय कमरेच्या वर जात होते आणि धड काठीसारखं ताठ. आमचा धनगरांचा गजी नाच जमिनीला धरून असतो, यांचा नाच जमीन सोडून.

मला बघायची होती मेंढपाळाची गाडी. पांढऱ्या कॅनव्हासच्या कमानी छताची, चार चाकांची. पायरी चढून आत गेलो. दाराचे दोन अर्धे भाग, म्हणजे खालचं बंद ठेवून वरून बाहेर बघता येतं. दाराजवळच लोखंडी चूल. दोन्ही बाजूंना बसायची बाकं, त्यांच्या पोटात कप्पे. मागच्या टोकाला आडवा पलंग आणि पलंगाखालून पुढे ओढायचं फळीचं मेज. हात लांब केला की सगळं हाताशी. आमच्या वाड्याचं बिऱ्हाड घोड्यावर असायचं. खाली घोंगडी, त्यावर भांडी, त्यावर बांधलेलं नुकतं जन्मलेलं कोकरू आणि कधी त्याच्याच शेजारी एखादं रांगतं पोर. पण फरक मला दुसऱ्याच गोष्टीत जाणवला. आमच्या वाड्यात बायका-पोरं असतात. रात्री चुलीभोवती चार माणसं बसतात, कुणीतरी सुंबरान, म्हणजे देवाचं स्मरण, मांडतं, ओवीत सगळ्या देवांची आणि गावांची नावं येतात. या गाडीत एकच पलंग होता.

गाडीच्या मागे एक बाप्या जमिनीतल्या खड्ड्यात, निखाऱ्यांत पुरलेल्या जाड लोखंडी भांड्यातून पाव काढत होता. मेंढपाळाचा पाव असाच भाजतात. रिवाज असा की पावावर सुरीने क्रूस काढायचा आणि पहिला तुकडा कुत्र्याला द्यायचा. त्यानेही दिला. कालचे आजोबा डोळ्यांपुढे आले.

आज या डोंगरांत बास्क मेंढपाळ जवळजवळ राहिलेले नाहीत. आता पेरूहून कराराने येतात. त्यांच्यातला एक तरुण तिथे उभा होता. पल्लवीने मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं, घरी बोलणं होतं का? त्याने खिशातून फोन काढून दाखवला आणि मग बोट वर, डोंगराकडे केलं आणि मान हलवली. तिकडे रेंज नाही.

रविवार, केचम

सकाळी पल्लवीच्या एका सहकारी मैत्रिणीने आम्हाला अ‍ॅस्पेनच्या राईत नेलं. पांढऱ्या सालीची, सोनेरी पानांची झाडं. बुंध्यांवर मेंढपाळांनी कोरलेली नावं आहेत. कोरताना चाकूच्या टोकाने नुसता बारीक ओरखडा काढायचा, खोल नाही. तेव्हा काहीच दिसत नाही. वर्षं जातात तशी जखम काळी पडून उमटते, झाड जाडावतं तसं अक्षर रुंदावतं. कोरणाऱ्याला स्वतःचं अक्षर नीट वाचायला पुन्हा काही वर्षांनी यावं लागतं. एका झाडावर नुसतं नाव आणि साल होतं, एकावर एका बाईचं चित्र, एकावर घर. अ‍ॅस्पेन फार जगणारं झाड नव्हे, साधारण माणसाएवढंच त्याचं आयुष्य. राईतली तीन-चार कोरलेली झाडं आडवी झालेली होती. सौ. एका पडलेल्या झाडापाशी वाकली आणि सालीवरची पानं हाताने बाजूला करून नाव मोकळं केलं.

दुपारी केचमच्या मुख्य रस्त्यावरून मेंढ्या गेल्या. साधारण दीड हजार. दोन्ही बाजूंना माणसांची भिंत, आणि मधून पांढरा लोंढा. आधी घुंगरांचा आवाज, मग खुरांचा, पाऊस पत्र्यावर पडावा तसा, मग तो वास. त्या वासाने माझे डोळे भरून आले. मला वाटलं होतं मी तो विसरलोय. पांढऱ्या कळपात अधूनमधून एखादी काळी मेंढी होती. शंभराला एक काळी ठेवतात, म्हणजे काळ्या मोजल्या की कळप पुरा आहे का ते कळतं. आमच्या माणदेशात सगळीच काळी, तिथे हा हिशेब चालायचा नाही.

पाच-सात मिनिटांत सगळ्या मेंढ्या पुढे निघून गेल्या. रस्त्यावर लेंड्या आणि लोकरीचे पुंजके राहिले.

रात्री हेलीच्या मोटेलात पल्लवीने लॅपटॉप उघडला. एस्पेबाईंच्या कार्यक्रमाच्या जुन्या फिती बॉइसीच्या संग्रहालयाने जतन केल्या आहेत, त्यातली एक तिने लावली. रविवारच होता आणि बाहेर नुकताच अंधार पडलेला. हे आम्ही ठरवून केलं नव्हतं. आधी खरखर, मग संगीत, मग त्यांचा आवाज. मी मनात जो आवाज धरला होता त्याहून साधा. निवेदिकेचा वाटत नाही. ओट्यावर काहीतरी निवडत, खिडकीतून शेजारणीशी बोलावं तसा. एउस्कारातलं मला काय कळणार, 'आमा' म्हणजे आई आणि 'आर्दी' म्हणजे मेंढी एवढेच दोन शब्द शिकलेलो. त्यातलाही एकच ऐकू आला.

तिकडे सोमवारची सकाळ झाली होती. मी म्हसवडला फोन लावला. तात्या उठून चहा घेत होते.

"किती हुती बकरी?" त्यांचा पहिला प्रश्न.

"दीड हजार, तात्या. नुसती गावातनं नेली."

"आन् पाणी कुठं पाजलं?"

"नदी आहे शेजारी."

"मग बरं."

मग मी त्यांना त्या बाईंचं सांगितलं. रविवारचं, रेडिओचं, निरोपांचं. पलीकडून काहीच आवाज येईना. फोन कट झाला की काय म्हणून मी दोनदा हाक मारली.

"हाय म्हनं. ऐकतुय."

"तात्या, त्यांचा आवाज ऐकायचा का? भाषा कळणार नाही."

"लाव."

पल्लवीने आवाज वाढवला. मी फोन लॅपटॉपपाशी धरला. एस्पेबाई बोलत होत्या, मधे क्षणभर थांबत होत्या, पुन्हा बोलत होत्या. दोन मिनिटं तरी झाली असतील. सौ. माझ्या खांद्याला धरून उभी होती. मग तिकडून तात्यांचा आवाज आला, घोगरा, स्वतःशीच बोलल्यासारखा.

"नावं घेतीया," ते म्हणाले. "बंद करू नगंस. घेऊंदे सगळ्यांची."